देहाची साक्ष आणि अनुकृतीचे यश

एखादी कलाकृती यशस्वी झाली असे म्हणताना नेमके काय म्हटले जाते, हा प्रश्न समीक्षेला नवा नाही. तो बहुधा कादंबरी, नाटक, चित्र यांच्या संदर्भात विचारला जातो, आणि तेथे उत्तरांच्या वाटा इतक्या मळलेल्या आहेत की प्रश्नाची धार जाणवेनाशी होते. म्हणूनच समीक्षेच्या रूढ प्रांताबाहेर चाललेल्या एखाद्या वादाकडे पाहणे कधीकधी उपयुक्त ठरते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधील 'एपकॉट' या उद्यानात २००३ साली 'मिशन : स्पेस' नावाची राइड सुरू झाली. अग्निबाणातून मंगळावर जाण्याचा अनुभव देणारी ही राइड यशस्वी झाली की फसली, याविषयी थीम पार्कच्या चाहत्यांमध्ये २० वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. वाद घालणारे हौशी आहेत, त्यांची परिभाषा ढिली आहे. परंतु ज्या अडचणीत ते सापडले आहेत ती अनुकृतीच्या सिद्धांताची जुनीच अडचण आहे, आणि तिला येथे एक नैतिक बाजूही आहे.

प्रथम यंत्राविषयी. या राइडच्या पोटात चार अपकेंद्री यंत्रे आहेत. प्रत्येक यंत्राला दहा कॅप्सूल जोडलेली असून प्रत्येक कॅप्सूलमध्ये चार प्रवासी बसतात. यंत्र वेगाने फिरू लागले की प्रवाशाच्या छातीवर, साध्या गुरुत्वाच्या सुमारे अडीच पट, भार पडतो. समोरच्या पडद्यावर उड्डाण, चंद्राला घातलेला वळसा, उल्कांचा पट्टा आणि अखेर मंगळावरचे धोक्याचे उतरणे दिसत राहते. कॅप्सूल अशा कोनात कलते की आपण गोल फिरत आहोत हे बहुतेकांना कळतही नाही. आपण वर चाललो आहोत, असेच वाटते. यंत्राचा वेग उतरला की छातीवरचा भार हटतो, आणि त्या सुटकेलाच शरीर वजनरहितता समजते. चौघांना कमांडर, पायलट, नॅव्हिगेटर आणि इंजिनिअर अशा भूमिका वाटून दिलेल्या असतात. ठरलेल्या क्षणी ज्याने त्याने आपले बटण दाबायचे. सारा प्रवास चारपाच मिनिटांत आटोपतो.

राइड सुरू झाल्यानंतर लवकरच कॅप्सूलमध्ये उलटीसाठी पिशव्या ठेवाव्या लागल्या. २००५ च्या जूनमध्ये चार वर्षांचा एक मुलगा राइडमध्ये बेशुद्ध होऊन मरण पावला. २००६ च्या एप्रिलमध्ये जर्मनीहून आलेली ४९ वर्षांची एक स्त्री राइडनंतर आजारी पडून दगावली. दोन्ही प्रसंगी शवचिकित्सेत पूर्वीच असलेला विकार आढळला. मुलाच्या हृदयाचे स्नायू जाड झालेले होते आणि त्या स्त्रीला दीर्घकालीन उच्च रक्तदाब होता. यंत्रात बिघाड आढळला नाही. २००६ च्या मे महिन्यात राइडचे दोन प्रकार करण्यात आले : नारिंगी कार्ड घेणाऱ्यास फिरणारे यंत्र, हिरवे कार्ड घेणाऱ्यास तोच पडदा, तीच कथा, तीच बटणे, मात्र फिरणे वगळलेले.

यशापयशाचा वाद या पार्श्वभूमीवर चालतो. राइडचे कैवारी म्हणतात की थीम पार्कच्या इतिहासात 'खऱ्याच्या' इतके जवळ कोणी गेले नव्हते. विरोधक म्हणतात की ज्या उद्यानात आजीपासून नातवापर्यंत सर्वांनी एकत्र बसावे अशी कल्पना होती, तेथे निम्म्या कुटुंबाला बाहेर थांबायला लावणारी गोष्ट उभी राहिली. शिवाय सौम्य आवृत्ती काढावी लागली, हीच अपयशाची कबुली आहे. त्यावर कैवाऱ्यांचे उत्तर असे की सौम्य आवृत्ती निघाली म्हणून मूळ आवृत्तीचे मोल घटत नाही. संक्षिप्त आवृत्ती निघाल्याने कादंबरी फसली असे कोणी म्हणत नाही. हा प्रतिवाद चतुर आहे, पण 'खरे' या शब्दाकडे दोन्ही पक्ष पुरेसे पाहत नाहीत.

'अगदी खऱ्यासारखे' हा निर्वाळा देणाऱ्यांपैकी जवळजवळ कोणीही अंतराळात गेलेले नसते. मग सादृश्य कशाशी ताडून पाहिले? नाट्य हे अनुकरण होय, या शंकुकाच्या मताविरुद्ध अभिनवगुप्ताचे गुरू भट्ट तौत यांनी घेतलेला आक्षेप नेमका हाच होता. ज्याने मूळ पाहिलेले नाही त्याला समोरची कृती अनुकरण आहे अशी प्रतीती येऊच शकत नाही. राम कोणी पाहिला आहे? राइडच्या संदर्भात या आक्षेपाला एक उत्तर उपलब्ध आहे, जे रामाच्या बाबतीत नव्हते : ज्यांनी मूळ पाहिले आहे अशी माणसे जिवंत आहेत आणि त्यांची साक्ष घेता येते. अंतराळयानाच्या आरोहणात प्रवाशावर तीन पटींपर्यंत भार येत असे, आणि कक्षेपर्यंत पोहोचायला सुमारे साडेआठ मिनिटे लागत, हे नोंदलेले आहे. पण ही शब्दप्रमाणाची गोष्ट झाली. प्रवाशाच्या स्वतःच्या प्रत्ययाला 'सारखेपणा' हे विशेषण लावण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. तो जे अनुभवतो ते सादृश्य नसते, निव्वळ तीव्रता असते. आणि तीव्रता हीच सत्याची खूण समजण्याची चूक तो करतो. वास्तववादी कादंबरीच्या चर्चेतही हे वारंवार घडते. ज्या वस्तीत पाऊल टाकलेले नाही तिच्या वर्णनाला 'जिवंत' म्हणणारा वाचक या प्रवाशाचाच सख्खा भाऊ होय.

मात्र येथे एक गुंतागुंत आहे, आणि तीच या राइडला विचारार्ह बनवते. शंकुकाने नाट्यप्रतीतीसाठी चित्रातील घोड्याचा दृष्टांत दिला. चित्रतुरगाकडे पाहताना 'हा घोडा आहे' असे जे ज्ञान होते ते ना सम्यक्, ना मिथ्या, ना संशयरूप, ना केवळ सादृश्याचे. 'मिशन : स्पेस'च्या पडद्यावरील मंगळाला हा दृष्टांत सहज लागू पडतो. छातीवरच्या भाराला मात्र तो लागू पडत नाही. तो भार चितारलेला नाही, तो आहे. १९०७ साली आइन्स्टाइनने मांडलेल्या तत्त्वानुसार, बंद आणि पुरेशा लहान खोलीत बसलेल्या निरीक्षकाला गुरुत्व आणि प्रवेग यांत भेद करता येत नाही. अग्निबाणाने दिलेला अडीच पट भार आणि फिरत्या यंत्राने दिलेला अडीच पट भार या दोन जातींच्या गोष्टी नाहीत. एक मूळ आणि दुसरी नक्कल असा संबंध त्यांच्यात लावता येत नाही. म्हणजे हा असा चित्रतुरग आहे की जो लाथ मारतो.

केंडल वॉल्टन यांची उपपत्ती येथे काही अंतरापर्यंत साहाय्य करते. १९७८ च्या निबंधात आणि पुढे १९९० च्या ग्रंथात त्यांनी असे मांडले की चित्रपटातील राक्षसी द्रव्य अंगावर येताना पाहून प्रेक्षकाच्या छातीत धडधडते, घाम फुटतो, पण त्याला भीती वाटत असते असे म्हणता येणार नाही. कारण धोका आहे असा विश्वास तेथे नसतो. ते भयाभास होय, आणि प्रेक्षक एका कल्पित खेळात सहभागी असतो. या भाषेत बोलायचे तर राइडमध्ये प्रवाशाचे शरीरच खेळातील उपकरण होते. मुले झाडाच्या खुंटाला अस्वल मानतात, तसे येथे छातीचे जडपण 'यान वर चालले आहे' असे मानण्यासाठी वापरले जाते. पण खुंट हा खुंटच राहतो, त्याला अस्वल मानण्याचा त्रास होत नाही. शरीराला मात्र खेळाबाहेर स्वतःचा जीव आहे. त्याला केव्हाही खेळ सोडून बोलता येते, आणि या राइडमध्ये ते बोलते.

त्याची रीत पाहण्यासारखी आहे. आइन्स्टाइनचे तत्त्व लहान खोलीपुरतेच खरे. फिरत्या खोलीत भेद उघड करणारा प्रयोग असतो, आणि तो अगदी साधा आहे : मान वळवणे. फिरत्या यंत्रात मान वळवली की कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांना असे काही जाणवते की ज्याचा डोळ्यांसमोरच्या दृश्याशी मेळ बसत नाही. या विसंगतीतूनच गरगर आणि मळमळ सुरू होते. म्हणूनच प्रशिक्षणाच्या सूचनांत डोके मागे टेकवून नजर समोर ठेवायला सांगितलेले असते. आभास टिकवण्यासाठी प्रेक्षकाने जगाची परीक्षा करू नये, ही अट सर्वच भ्रमजनक कला कमीअधिक प्रमाणात घालतात. इथे ती अक्षरशः मानेला घातलेली आहे.

मळमळीच्या बाजूनेही कैवारी एक युक्तिवाद करतात. अंतराळात माणसाला खरोखरच मळमळते. १९६१ च्या ऑगस्टमध्ये व्होस्तोक-२ मधून गेलेला गेर्मान तितोव हा अंतराळात उलटी झालेला पहिला मनुष्य. त्यानंतर निम्म्याहून अधिक अंतराळवीरांना पहिल्या काही दिवसांत हा त्रास झालेला आहे. तेव्हा प्रवाशाला उलटी होणे हे अनुकृतीचे अपयश नसून तिची पराकाष्ठा आहे, असे म्हटले जाते. युक्तिवाद गमतीदार आहे, पण तो टिकत नाही. अंतराळातील मळमळ भार नाहीसा झाल्याने होते; येथील मळमळ फिरण्याने, म्हणजे जी गोष्ट कथेत घडतच नाही आणि जी लपवण्यासाठी सारा खटाटोप आहे तिच्यामुळे. परिणाम तोच, कारण निराळे. बोट लागलेला प्रवासी आणि शिळे अन्न खाल्लेला प्रवासी एकाच कठड्याशी उभे असले तरी दोघांनाही समुद्राने काही सांगितले आहे असे होत नाही. योगायोगाने जुळलेल्या लक्षणाला अनुकृतीचे यश म्हणता येणार नाही. उलट नेमक्या त्याच क्षणी यंत्राचे रहस्य फुटते.

अभिनवगुप्ताने सांगितलेल्या सात रसविघ्नांपैकी एक निजसुखादिविवशीभाव आहे : स्वतःच्या सुखदुःखाने परवश झालेल्या प्रेक्षकाला रसास्वाद घडत नाही. ज्याचे पोट ढवळत आहे त्याला मंगळ दिसत नाही. पण राइड तर शरीराला परवश करूनच मंगळ दाखवू पाहते. म्हणजे साधन तेच विघ्न आहे, आणि दोहोंमधील अंतर कोणाच्या शरीरात किती, हे यंत्राच्या रचनेवरून ठरत नाही. एकाच फेरीत एकाला उड्डाणाचा उदात्त प्रत्यय येतो आणि शेजारच्याला पिशवी शोधावी लागते. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात सौंदर्याची संकल्पना लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांमध्ये वावरते असे दाखवले. थीम पार्क हे लौकिक ध्रुवाच्या टोकाचे उदाहरण म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु 'मिशन : स्पेस'च्या चाहत्यांचा वाद ऐकताना असे दिसते की त्यांनाही दोन्ही ध्रुव हवे आहेत. भार खरा हवा, आणि तो भोगत असताना त्यापासून अलिप्त राहून त्याचा आस्वादही घेता आला पाहिजे.

२००६ ते २०१७ या काळात येथे एक दुर्मीळ परिस्थिती होती, जिचा समीक्षकांनी हेवा करावा. एकच संहिता, एकच दृश्यमालिका, एकच निवेदन दोन रूपांत उपलब्ध होते, आणि दोहोंत फरक फक्त एका घटकाचा होता. काव्यातून छंद काढून टाकला तर काय उरते हे असे स्वच्छपणे तपासता येत नाही, कारण छंद काढताना शब्दही हलतात. येथे काही हलले नाही. हिरव्या कार्डाचे प्रवासी बाहेर येऊन सांगत की हा एक बऱ्यापैकी चित्रपट आहे, खुर्ची थोडी हलते. म्हणजे कथा स्वतःच्या बळावर उभी नव्हती. हा निष्कर्ष कैवाऱ्यांना आवडतो : भार हाच या कृतीचा प्राण. पण त्याची दुसरी बाजू त्यांना गैरसोयीची आहे. ज्या कृतीचा प्राण तिच्या कथेत नाही, तिला मंगळाची गरजच काय? रॉजे काय्वा यांनी १९५८ साली खेळांचे जे चार वर्ग केले त्यांत सोंग घेणे हा एक आणि भोवळीचा आनंद हा दुसरा. दोन्हींची युती ते प्राचीन मानतात. मुखवटा आणि घुमणे यांचे साहचर्य त्यांना आदिम समाजांत दिसले. 'मिशन : स्पेस'मध्ये ही युती अर्धवट आहे. मुखवटा भोवळीला अर्थ देऊ पाहतो. भोवळ मुखवट्याकडे लक्षच जाऊ देत नाही.

याला एक तरल अपवाद आहे आणि तो राइडच्या कथेतच दडलेला आहे. ही कथा प्रवाशाला मंगळावर नेते असे सर्व समजतात. वस्तुतः मूळ कथेनुसार काळ २०३६ चा, स्थळ आंतरराष्ट्रीय अंतराळ प्रशिक्षण केंद्र, आणि प्रवासी हा तेथे आलेला शिकाऊ उमेदवार. त्याला जे घडते ते प्रशिक्षण होय. म्हणजे हे आभासी उड्डाण यंत्र एका आभासी उड्डाण यंत्राचे सोंग घेते. अपकेंद्री यंत्रात बसलेला माणूस 'मी अपकेंद्री यंत्रात बसलेला शिकाऊ अंतराळवीर आहे' अशी कल्पना करतो, आणि त्या कल्पनेतील पहिला अर्धा भाग खरा असतो. बोद्रियारचे नाव घेऊन येथे मूळ हरवले, प्रतिमाच उरली असे म्हणण्याचा मोह होतो. डिस्नेलँड हे तर त्याच्या १९८१ च्या ग्रंथातील प्रसिद्ध उदाहरण. पण तो मोह टाळलेला बरा. येथे प्रतिमेने मूळ गिळलेले नाही. मूळच, म्हणजे खरे अपकेंद्री यंत्र, पडद्याआड बसवलेले आहे, आणि कथा अशी रचली आहे की पडदा दूर झाला तरी ती खोटी पडू नये. रचनाकारांनी हे धोरण जाणीवपूर्वक योजले असो वा नसो, संपूर्ण राइडमध्ये वैचारिकदृष्ट्या सर्वांत प्रामाणिक जागा हीच आहे. खेद इतकाच की प्रवासाच्या उत्तरार्धात कथा स्वतःच हे विसरते आणि मंगळावरच्या कड्याशी यान लोंबकळत ठेवते, जणू काही प्राणावरच बेतले आहे.

बटणांविषयी मात्र असा बचाव करता येत नाही. प्रवाशाने वेळेवर बटण दाबले नाही तर संगणक ते काम स्वतः उरकतो. यान कधीच चुकत नाही. रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ साली कल्पिलेल्या अनुभवयंत्रावरचा त्यांचा एक आक्षेप असा होता की माणसाला गोष्टी केल्याचा नुसता अनुभव नको असतो, त्या करायच्या असतात. चार मिनिटांच्या करमणुकीला ही कसोटी लावणे अतिरेकी वाटेल. पण ज्या जागी 'मिशन : स्पेस' उभी राहिली त्या जागी १९८३ पासून १९९९ पर्यंत 'होरायझन्स' नावाची संथ राइड होती, आणि जुने चाहते तिच्यासाठी आजही हळहळतात. भविष्यातील वस्त्यांमधून सुमारे पंधरा मिनिटे नेऊन ती शेवटी प्रवाशांना विचारी : परतीचा मार्ग अंतराळातून, वाळवंटातून की समुद्राखालून? एका डब्यातील प्रवासी बटणे दाबत, बहुमत होई, आणि शेवट त्याप्रमाणे बदले. तेथे कोणाच्या छातीवर भार नव्हता; निवड मात्र खरी होती. नव्या राइडमध्ये भार खरा आणि निवड खोटी. स्मरणरंजनाचा आरोप करून 'होरायझन्स'च्या चाहत्यांना गप्प करणे सोपे आहे, परंतु त्यांच्या तक्रारीत हा तात्त्विक मुद्दा शिल्लक राहतोच : प्रेक्षकाला गंभीरपणे घेणे म्हणजे त्याच्या शरीराला गंभीरपणे घेणे की त्याच्या इच्छेला?

नैतिक प्रश्नाची सुरुवात येथूनच होते. बर्क आणि कांट या दोघांनीही उदात्ताच्या अनुभवासाठी सुरक्षिततेची अट घातली होती. भय दुरून आले तरच त्याचा आस्वाद घेता येतो. राइडच्या संदर्भात ही अट पाळण्याची जबाबदारी कोणाची? ज्याला आपल्या हृदयाचा विकार ठाऊक नाही त्याला सूचनाफलक काय सांगणार? दोन्ही मृत्यूंनंतर यंत्र निर्दोष ठरले, यात शंका घेण्याचे कारण नाही. परंतु 'यंत्र निर्दोष आहे' हे विधान तंत्रज्ञाचे आहे. अनुभव घडवणाऱ्याला त्यापलीकडेही विचार करावा लागतो, कारण त्याची सामग्री धातू आणि प्रकाश एवढीच नसून अनोळखी माणसांची शरीरे ही आहे. शिवाय सूचना कथेच्याच वातावरणात, प्रशिक्षकाच्या आवाजात येऊ लागल्या की त्या वस्तुस्थितीच्या आहेत की नाट्याच्या, हे ऐकणाऱ्याला कळेनासे होते. ग्रंथाची प्रस्तावना कादंबरीतल्याच पात्राने लिहावी तसा हा प्रकार आहे. साहित्यात त्याने मौज वाढते. येथे 'डोके हलवू नका' हे वाक्य एकाच वेळी संवाद आणि वैद्यकीय सल्ला असते, आणि मौजेच्या भरात त्यातला सल्ला ऐकू न येण्याची शक्यता असते.

रंगीत कार्डांनी ही संदिग्धता बरीच दूर केली, हे मान्य करावयास हवे. कार्ड हाती घेताना प्रवासी काही ठरवतो. बटणांनी न दिलेली निवड त्याला रांगेत मिळते. पण कार्डांनी आणखी एक गोष्ट केली. नारिंगी हा धैर्याचा रंग झाला. 'मला काही झाले नाही' हे विधान चाहत्यांच्या चर्चेत राइडच्या गुणवत्तेचा पुरावा म्हणून येऊ लागले, आणि 'मला सोसले नाही' हे वक्त्याच्या उणिवेचा. दुर्बोध कवितेच्या वाचकवर्गात हा व्यवहार परिचित आहे : कृतीची कसोटी घ्यायची ती वाचकाची घेतली जाते, आणि जो उत्तीर्ण होतो तो आपल्या गुणांचे श्रेय कृतीला देतो. सहृदयाची संकल्पना अशा वेळी धोक्याची ठरते. अभिनवगुप्ताचा सहृदय काव्याच्या अभ्यासाने मन आरशासारखे निर्मळ करतो. अंतर्कर्णाची सहनशक्ती मात्र सरावाने काही प्रमाणातच वाढते. ती बरीचशी ज्याच्या त्याच्या शरीरावर अवलंबून असते. जेथे अधिकार पुरता कमावता येत नाही तेथे अनधिकाऱ्याला कमी लेखण्याचाही अधिकार नसतो.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये राइडचे नूतनीकरण झाले. नारिंगी कार्डाचा प्रवासी पूर्वीसारखाच मंगळावर जातो. हिरव्या कार्डाच्या प्रवाशाला मात्र निराळा प्रवास मिळाला, पृथ्वीभोवतीचा. खाली खंड आणि रात्रीचे दिवे सरकत राहतात, आणि यान संथपणे परत येते. सौम्य आवृत्ती ही आता मूळ कृतीतून काही वजा करून उरलेली गोष्ट राहिली नाही, आणि तिच्या कथेलाही अडीच पट भाराची गरज नाही. तुलनेची ती स्वच्छ सोय त्याबरोबर संपली. चाहत्यांपैकी काहींना हा बदल पळवाट वाटतो, काहींना राइडची पहिली शहाणी कृती. नारिंगी कार्डाच्या रांगेत उभे राहणारे अजूनही बाहेर आल्यावर एकमेकांना विचारतात ते पडद्यावरच्या मंगळाविषयी नव्हे, तर ‘तू मान वळवून पाहिलीस का?’ एवढेच.